पराक्रमाचा रकाना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 सालच्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये, नवव्या प्रकरणात, दोन चिमुकले पर्यायी नियम शेजारी शेजारी छापले आहेत. एकाचे नाव 'एपिक हिरोइझम', दुसऱ्याचे 'ग्रिटी रिअॅलिझम'. वीरगाथा हवी असेल तर पहिला घ्या, खरखरीत वास्तव हवे असेल तर दुसरा. नावे वाचून वाटते, एकात राक्षसांच्या राशी पडणार आणि दुसऱ्यात चिखल, रक्त, चिघळलेल्या जखमा. प्रत्यक्षात दोन्ही नियम फक्त विश्रांतीबद्दल बोलतात. मूळ खेळात छोटी विश्रांती किमान तासाभराची आणि मोठी आठ तासांची असते. मोठ्या विश्रांतीनंतर पात्र पुन्हा ठणठणीत होते. वीरांच्या पर्यायात हेच आकडे पाच मिनिटे आणि एक तास असे होतात. खरखरीत पर्यायात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची. बाकी काहीही बदलत नाही. तलवारीची धार तीच, राक्षसांचे दात तेच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर. बाकीच्यांकडे एकेक पात्र. डीएम प्रसंग उभा करतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकतात. पात्राचा सगळा संसार एका कागदावर मावतो: ताकद, कौशल्ये, शस्त्रे, थैलीतले पैसे, आणि हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची शिल्लक. गोष्ट बोलण्यातून घडते, पण ती कोणत्या बाजूला कलेल हे बरेचसे तो कागद आणि त्यामागचे जाडजूड नियमपुस्तक ठरवते. म्हणून ही पुस्तके मी वाङ्मय म्हणून वाचतो, आणि वाचताना एकच गोष्ट शोधतो. हे पात्र वाचले, तर कशाच्या जोरावर वाचले, आणि तो जोर कागदावर कोणत्या रकान्यात लिहिला आहे?

आता ते सात दिवस पुन्हा वाचू. वास्तव म्हणून पाहिले तर हा नियम हास्यास्पद आहे. मोडलेले हाड आठवड्यात जुळत नाही, आणि पोटात भाला गेलेला माणूस आठव्या दिवशी घोड्यावर बसत नाही. म्हणजे शरीराच्या बाबतीत 'ग्रिटी रिअॅलिझम' वीरगाथेइतकाच उदार आहे. तो बदलतो ते कॅलेंडर. मूळ नियमात मांत्रिकाने आज फेकलेला अग्निगोल उद्या सकाळी पुन्हा हातात असतो. इथे तो पुढच्या आठवड्यात परत येतो. तेवढ्यात दरोडेखोर तळ हलवतात, ओलिसाची मुदत संपते, सरायवाला सात रात्रींचे भाडे मागतो. डीएमने वेगळे काहीही न करता गावाला महत्त्व येते, कारण जखमी माणसाला आठवडाभर कुठेतरी पडून राहावे लागते. आणि खेळाडूंच्या स्वभावात गमतीचा फरक पडतो: लढाई महाग झाली की त्यांची जीभ चालायला लागते. पुलावरच्या पहारेकऱ्याशी ते घासाघीस करतात, लाच देतात, वळसा घालून जातात. चीज तीच, पण द्रुत लयीतली विलंबितात घेतल्यावर तिच्यातल्या जागा दिसू लागाव्यात, तसे काहीसे हे आहे.

मला हा नियम आवडतो तो त्याच्या या अप्रत्यक्षपणामुळे. त्याचे नाव चुकले आहे, पण निदान अचूक आहे. खरखरीत आणि वीरश्रीयुक्त या शैलींतला फरक घाव किती खोल जातो यापेक्षा घावाची किंमत कधी आणि कुठल्या चलनात चुकवायची यात जास्त असतो, हे त्याने एका आकड्यात दाखवले.

या सगळ्याचे मूळ 1974 मध्ये आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पहिल्यांदा बाहेर पडला, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका अशा रूपात. त्याआधी 1971 मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले होते. त्यात 'हिरो' म्हणजे चार माणसांच्या बळाने लढणारा, आणि त्याला पाडायला एकाच वेळी चार वार बसावे लागत. 'सुपरहिरो' आठ माणसांच्या तोलाचा. हे गणित सैन्याच्या पटावरचे होते, म्हणून त्यात कुणाला वावगे वाटले नाही. हिट पॉइंटची कल्पना आपण चिलखती युद्धनौकांच्या खेळातून उचलली, असे आर्नेसनने पुढे सांगितले. ते कळल्यापासून मला हिट पॉइंटकडे पाहिले की जहाजच दिसते. शेवटचा पॉइंट जाईपर्यंत पात्र पूर्ण जोमाने लढते, आणि तो गेला की एकदम बुडते. शंभरपैकी एक पॉइंट उरलेला योद्धा आणि शंभर उरलेला योद्धा यांच्या तलवारीत नियमाला काही फरक दिसत नाही.

पण त्या पहिल्या पुस्तिकेतला लढवय्यांचा तक्ता सावकाश वाचण्यासारखा आहे. पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याला पदवी आहे 'व्हेटरन', म्हणजे लढाया पाहिलेला, मुरलेला शिपाई. चौथ्या पायरीवर तो 'हिरो' होतो, आठव्या पायरीवर 'सुपरहिरो'. नावे भारदस्त आहेत. आता आकडे पाहा. व्हेटरनचे हिट पॉइंट म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशाचे दान अधिक एक. त्या मूळ नियमांत कुठल्याही शस्त्राचा घाव म्हणजे त्याच फाशाचे एक दान. हिशेब केला तर अंगावर बसलेला पहिलाच वार या मुरलेल्या शिपायाला शंभरातून बेचाळीस वेळा आडवा करतो. शून्यावर आला की मेला. बेशुद्धी नाही, उपचाराची मुदत नाही. सुपरहिरोच्या वाट्याला मात्र आठ फासे अधिक दोन. एकच तक्ता वरच्या टोकाला खरखरीत आहे आणि खालच्या टोकाला पोवाड्यासारखा, आणि मधले अंतर खेळाडूने जगून कापायचे आहे. आज जुन्या पद्धतीने खेळणारी मंडळी या तक्त्याची महती गातात ती उगाच नाही. इथे पराक्रम पायरीच्या रकान्यात लिहिलेला आहे, आणि त्या रकान्यापर्यंत पोचण्याआधी पाच-सहा व्हेटरन पुरून झालेले असतात.

साहजिकच लोकांनी विचारले: दहाव्या पायरीवरचा माणूस घोड्यापेक्षा जास्त वार कसे सोसतो? गायगॅक्सने 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये आणि 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये याला उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा, की हिट पॉइंटांतला मांसाचा भाग थोडा. उरलेला सगळा कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा यांचा. म्हणजे दहा पॉइंटांचा घाव हा थोर योद्ध्याच्या बाबतीत प्रत्यक्षात ओरखडा असतो. तो ऐन वेळी मागे सरकला, पण दमला, आणि त्याचे नशीब तेवढे खर्ची पडले. वाङ्मय म्हणून हे स्पष्टीकरण मला फार आवडते. रॉबर्ट ई. हॉवर्डचा कोनन, फ्रित्झ लायबरचे फाफर्ड आणि ग्रे माउझर ही गायगॅक्सच्या आवडत्या वाचनातली माणसे. त्यांच्या कथा वाचलेल्या कुणालाही ते पटेल. तिथे नायकाला शेवटचा एकच घाव लागतो. आधीचे सगळे हुकलेले असतात, पण प्रत्येक हुकलेला वार श्वास कमी करतो.

गंमत अशी की त्याचेच इतर नियम त्याला साथ देत नाहीत. गेलेले नशीब भरून काढणाऱ्या मंत्राचे नाव जखमा बऱ्या करण्याचा मंत्र असे आहे. त्याच्या नियमात दर दहा फुटांच्या पडण्याला सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. म्हणजे कितीही उंच कड्यावरून पडा, सरासरी सत्तर पॉइंट. नव्वद पॉइंटवाला वीर दरीत कोसळतो, कपडे झटकतो आणि चालू लागतो. इथे कौशल्याने कुणाला चुकवले? दगडाला? टेबलावर अशा वेळी सगळे हसतात, आणि डीएम घाईघाईने वाटेत एखादे झाड उगवून घेतो. वीरशैलीचे दौर्बल्य हेच: तिला शरीर आठवत नाही, आणि कधीतरी अचानक आठवले की तिची भंबेरी उडते.

शरीर आठवणाऱ्यांची पहिली मोठी फळी कॅलिफोर्नियात निघाली. 'केऑसियम' या कंपनीने 1978 मध्ये 'रूनक्वेस्ट' काढले. ग्लोरान्था हे जग ग्रेग स्टॅफर्डचे, नियमांचा मुख्य कर्ता स्टीव्ह पेरिन. पेरिन हा 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम'च्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक. हे लोक चिलखते घालून, वेताच्या जाड काठ्यांनी खरोखर एकमेकांना ठोकतात. त्या अनुभवाचा ठसा पहिल्याच नियमावर दिसतो. गायगॅक्सच्या खेळात चिलखत घातले की वार लागणेच अवघड होते. पेरिनला माहीत होते की चिलखत घातलेल्या माणसाला वार नीट लागतो. फक्त चिलखत त्यातले काही पिते आणि उरलेले अंगाला पोचते. म्हणून 'रूनक्वेस्ट'मध्ये ढाल-तलवारीने वार अडवण्याचे वेगळे दान, चिलखताने घाव शोषण्याची वेगळी वजाबाकी, आणि वार कुठे बसला हे ठरवायला वीस बाजूंचा फासा. एक ते चार उजवा पाय, पाच ते आठ डावा पाय, नऊ ते अकरा पोट, बारा छाती, मग हात, आणि एकोणीस-वीस डोके. प्रत्येक अवयवाची शिल्लक वेगळी.

या यादीत किती करुणा आहे, हे खेळल्याशिवाय कळत नाही. खेळाडू डीएमकडे पाहतो आणि 'किती लागले?' याच्याआधी 'कुठे लागले?' असे विचारतो. पाय गेला तर पळता येणार नाही. पोटात बसला तर मंत्र घालायला कुणी जवळ आहे का? शिवाय इथे अनुभव मिळाला म्हणून शरीर फुगत नाही. हिट पॉइंट प्रकृतीवर आणि देहाच्या आकारावर ठरतात, आणि नव्वद टक्के तलवार चालवणारा 'रूनलॉर्ड' नावाचा महावीरसुद्धा जवळपास तेवढ्याच मांसाचा असतो जेवढा तो पोरसवदा होता तेव्हा. त्याचे मोठेपण कौशल्याच्या टक्क्यांत आहे. आणि ते टक्केही वापरूनच वाढतात: एखादे कौशल्य कामी आले की खूण करायची, साहस संपल्यावर फासा टाकायचा, आणि दान आपल्या टक्क्यांपेक्षा वर पडले तरच वाढ. जेवढे जास्त येते तेवढे शिकणे अवघड. नियमपुस्तकातले हे माझे अत्यंत आवडते वाक्य आहे, कारण ते खरे आहे आणि त्याला एकही विशेषण लागत नाही.

पण शंभरात एकदा, 01 पडले की कुणाचाही वार चिलखत भेदून जातो. ग्लोरान्थात ट्रोलकिन नावाचे खुजे, रडके, सगळ्यांच्या लाथा खाणारे जीव आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या गोफणीचा दगड महावीराच्या डोक्यात बसू शकतो आणि वर्षभर चाललेली कथा तिथे संपू शकते. हे न्याय्य आहे का? पेरिनच्या जगाचे उत्तर: रणांगणावर न्याय कधी होता? मग मूळच्या प्रश्नाकडे वळावे. इथला पराक्रम कुठे ठेवला आहे? तो देवाच्या रकान्यात आहे. पात्र एखाद्या पंथाचे असेल तर मरणाच्या दारात देवाला हाक मारता येते. देव आलाच, तर पात्राची आत्मशक्ती कायमची घटते. शरीराला नाकारलेली मुभा धर्माला दिली आहे, आणि तीही फुकट नाही.

हा मुभेचा रकाना एकदा दिसला की प्रत्येक खरखरीत खेळात तो सापडू लागतो. 'गेम्स वर्कशॉप'चे 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले' 1986 चे, इंग्लंडमधले. त्याचे जग म्हणजे जुन्या जर्मन साम्राज्याची गढूळ प्रतिमा: पाऊस, लाचखोर शिपाई, उंदीर, उत्तरेकडून झिरपणारा विनाश. इथे पात्र निवडत नाहीत, फासा टाकून व्यवसाय मिळतो. आणि व्यवसाय कोणते? थडगी उकरणारा, जकात वसूल करणारा, भिकारी. सर्वांचा लाडका उंदीरमाऱ्या. त्याच्या सामानाच्या यादीत एक छोटा पण खवचट कुत्रा असतो. ती एक ओळ या संपूर्ण पुस्तकाची शैली सांगून जाते. दुसऱ्या खेळात नायकाला वंशपरंपरेची तलवार मिळते. इथे कुत्रा मिळतो, आणि तो चावतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'द एनिमी विदिन' या प्रसिद्ध कथामालेची सुरुवातही अशीच मातीतली आहे. रस्त्यात एक प्रेत सापडते, ते पात्रांपैकी एकासारखे दिसते, आणि त्याच्याजवळ वारसाहक्काचा कागद असतो. साहसाला निमित्त काय, तर पैशाचा मोह.

या जगात शरीराची शिल्लक तुटपुंजी, आणि ती संपली की पुढचा प्रत्येक घाव तक्त्यावर जातो, जिथे हात, पाय आणि प्राण यांचे वाटप होते. इतक्या निर्दय पुस्तकात एक रकाना मात्र आहे: 'फेट पॉइंट'. मोजकेच असतात. मरण आले की एक खोडायचा, आणि पात्र वाचते. कसे वाचले ते डीएमने शोधायचे: नदीत पडले, मेले समजून सोडून दिले, शत्रूने कैद केले. खोडलेला पॉइंट परत भरत नाही. म्हणजे उंदीरमाऱ्याला नियतीने राखून ठेवले आहे, पण दोनदा-तीनदाच, आणि किती वेळा ते कागदावर आकड्यात लिहिलेले आहे. गायगॅक्स ज्याला नशीब म्हणत होता तेच इथे मांसापासून सोडवून वेगळे मांडले आहे. त्यामुळे मांस मांसासारखे फाटते आणि नशीब नशिबासारखे संपते. या कलमाला मी 1974 च्या त्या तक्त्यावरची सर्वांत सुबक टीका मानतो.

सगळेच खरखरीत पंथाचे लोक इतके शहाणे नव्हते. 'आर्म्स लॉ' 1980 मध्ये आले आणि त्यातून 'रोलमास्टर' उभे राहिले. प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र तक्ता, चिलखताचे वीस प्रकार, आणि घावांच्या वर्णनांची अशी आतषबाजी, की वाचताना भीती न वाटता हसू फुटते. बीभत्साचा अतिरेक झाला की त्याचा हास्यरस होतो, याचा एवढा चांगला दाखला क्वचितच सापडेल. रॉबिन क्रॉसबीच्या 1986 च्या 'हार्नमास्टर'ने हिट पॉइंट काढूनच टाकले. प्रत्येक जखम वेगळी नोंदवायची, प्रत्येकीचे बरे होणे वेगळ्या दानावर, आणि जखम चिघळण्याचा धोका वेगळा. कागदावर हे भेदक आहे. टेबलावर मात्र दोन लढायांनंतर चार खेळाडू दवाखान्याच्या नोंदवह्या भरत बसल्यासारखे दिसतात. माझे मत असे की वास्तव म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे हिशेबनिशी असते. शिवाय ते निवडक असते. जुन्या सैन्यांत तलवारीपेक्षा हगवणीने जास्त माणसे मेली, पण हगवणीचा वीस रकान्यांचा तक्ता मी अजून पाहिलेला नाही.

मग 2002 मध्ये जेक नॉरवुड याचे 'द रिडल ऑफ स्टील' आले. नॉरवुड स्वतः ऐतिहासिक युरोपीय तलवारबाजीचा सराव करणारा. हे पुस्तक फार खपले नाही, आज ते मिळणेही कठीण आहे, आणि त्याचे मांत्रिकांचे नियम मला भोंगळ वाटतात. पण त्याचे द्वंद्वाचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो.

द्वंद्व असे सुरू होते. दोन्ही बाजूंनी मुठीत दोन फासे घ्यायचे, एक तांबडा, एक पांढरा. तांबडा म्हणजे हल्ला, पांढरा म्हणजे बचाव. मग दोघांनी एकाच क्षणी एक फासा टेबलावर टाकायचा. या फाशाची बाजू कोणी पाहत नाही. फक्त रंग पाहायचा. दोन्ही पांढरे, तर दोघे एकमेकांभोवती फिरत राहतात. एक तांबडा, एक पांढरा, तर एक मारतो, दुसरा अडवतो. दोन्ही तांबडे पडले, तर दोघांनीही बचाव सोडला, आणि दोघेही त्याच क्षणी मरू शकतात. हा नियम लिहिणाऱ्याला कादंबरीकार म्हणायला माझी हरकत नाही. 'तुझे पात्र किती धाडसी आहे?' असे तो खेळाडूला विचारत नाही; मुठीतून कोणता रंग सुटतो ते पाहतो. आणि खेळाडूचा हात खरोखर थबकतो. पुढे लढाईचे फासे हल्ला आणि बचाव यांत वाटायचे असतात. वार बसला की त्याच्या धक्क्याने हातातले फासे लगेच कमी होतात, वेदनेने पुढेही कमी राहतात, रक्त वाहते ते वेगळे. त्यामुळे पहिला नीट बसलेला घाव बहुधा शेवटचाही ठरतो. जहाजाची उपमा इथे संपते. हा लढवय्या घाव लागताच अर्धा होतो.

असा खेळ खेळाडूला भेकड बनवील, असे कुणालाही वाटेल. तसा तो बनवतोही, आणि ते त्याचे यश आहे, कारण तलवार उपसण्याआधी दहा वेळा विचार होतो. पण नॉरवुडने कागदावर आणखी पाच रकाने ठेवले आहेत: आवेग, ध्यास, श्रद्धा, विवेक, नियती, दैव, यांतले खेळाडूने निवडायचे पाच. आवेग म्हणजे नेमका कुणाबद्दल, हे नाव घालून लिहायचे: बहिणीवरचे प्रेम, अमुक सरदाराचा द्वेष. लढाई त्या गोष्टीसाठी असेल तर त्या रकान्यातला आकडा, जास्तीत जास्त पाच, फासे म्हणून हातात येतो. दोन-तीन रकाने एकत्र आले तर मूळच्या फाशांइतकेच आणखी फासे हातात येऊ शकतात. म्हणजे चव्हाट्यावरच्या भांडणात जो माणूस एका घावात मरेल, तोच बहिणीच्या दारात उभा असताना तिघांना पुरून उरतो. आणि पात्राची प्रगती याच रकान्यांतले पॉइंट खर्चून होते. राक्षस मारून किंवा सोने लुटून काही मिळत नाही.

पावनखिंडीची कथा मराठी वाचकाला सांगायला नको. विशाळगडावरच्या तोफांचे बार ऐकू येईपर्यंत बाजीप्रभू पडले नाहीत, हे परंपरा सांगते. ही कथा या खेळांच्या कागदावर मांडायची म्हटली तर गायगॅक्सचा तक्ता म्हणेल, त्यांची पायरी वरची होती. पेरिन म्हणेल, देवाने हाक ऐकली. पहिले उत्तर तोकडे वाटते, कारण त्यात तोफांना काही जागाच नाही. त्याच पायरीवरचे बाजीप्रभू कुठल्याही खिंडीत तेवढाच वेळ टिकले असते. नॉरवुडच्या कागदावर तोफा येतात, कारण तिथे 'कशासाठी' हा प्रश्न फाशांच्या संख्येत उतरतो. बार ऐकू आले की ध्यास पुरा झाला, ते फासे गेले, आणि उरले ते जखमांनी जर्जर झालेले शरीर. सर्वांत खरखरीत नियम लिहिणाऱ्याच्या हातून सर्वांत शुद्ध वीररस उतरला, तो असा.

उलट बाजूनेही हे खरे आहे. 2014 च्या वीरशैलीच्या खेळात मरण्याचा जो नियम आहे, तो मला त्यातला सर्वांत कठोर भाग वाटतो. हिट पॉइंट शून्य झाले की पात्र बेशुद्ध पडते. मग आपल्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा एकच फासा टाकायचा. दहा किंवा वर म्हणजे एक यश, खाली म्हणजे एक अपयश. तीन यशे आधी मिळाली तर प्राण टिकला, तीन अपयशे आधी आली तर संपले. एक पडला तर दोन अपयशे. वीस पडला तर एका हिट पॉइंटवर पात्र उठून बसते. कुणीही मदत केली नाही तर जगण्याची शक्यता साधारण साठ टक्के. या फाशात ना ताकद मिळवायची, ना कौशल्य, ना पायरी. महावीर आणि नवखा दोघांचे दान सारखेच. एरवी सगळीकडे पायरीची मिजास चालवणारा हा खेळ नेमका इथे 1974 च्या व्हेटरनची आठवण काढतो. पुढच्याच पाळीला मित्राने एक पॉइंटाचा मंत्र टाकला की पात्र उठून पूर्ण जोमाने लढू लागते, पुन्हा पडते, पुन्हा उठते, आणि हा उठाबशांचा प्रकार सगळे गांभीर्य घालवतो, हे खरे. पण तो मंत्र येईपर्यंतची एक-दोन दाने विसरता येत नाहीत.

राहता राहिला ग्रेग स्टॅफर्ड, ज्याने या वादाला तिसरीच बाजू दिली. त्याचे 'किंग आर्थर पेंड्रॅगन' 1985 चे. विषय आर्थर राजाच्या सरदारांचा, म्हणजे वीरगाथेचा अस्सल कच्चा माल. पात्राच्या कागदावर स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत, प्रत्येक जोडीची बेरीज वीस: शूर वाढला की भेकड घटतो, दयाळू वाढला की क्रूर. शिवाय आवेग आहेत: स्वामीनिष्ठा, कुटुंबाची माया, सॅक्सनांचा द्वेष. आवेगाचे दान लागले तर सरदार पेटून उठतो. चुकले तर खिन्न होतो, आणि पार बिघडले तर वेडा होऊन अरण्यात निघून जातो. जखमा मात्र आठवड्याच्या हिशेबाने भरतात, म्हणजे 2014 मध्ये पर्याय म्हणून आलेले कॅलेंडर इथे आधीपासून भिंतीवर टांगलेले होते. वर्षातून एखादे साहस, आणि मग हिवाळा. हिवाळ्यात पीक कसे आले, घोडा जगला का, मूल झाले का, यांची दाने टाकायची. पस्तिशी उलटली की म्हातारपणाचे दानही त्यातच. हळूहळू ताकद, प्रकृती, चपळाई यांतले काहीतरी गळत जाते, आणि राक्षसांना पुरून उरलेला सरदार अशाच एखाद्या हिवाळ्यात अंथरुणावर मरतो.

खेळाडू त्यावर फारसा हळहळत नाही. तो नवा कागद घेतो आणि बापाचे आवेग मुलाच्या रकान्यात उतरवून काढतो: निष्ठा, माया, सॅक्सनांचा द्वेष, जुनी भाऊबंदकी. कीर्तीचाही थोडा वाटा मुलाला जातो. अट एवढीच, की मुलगा सरदारकीच्या वयाचा, एकवीस वर्षांचा, झालेला हवा. म्हणून जाणता पेंड्रॅगनवाला लढाईआधी चिलखतापेक्षा लग्नाची चौकशी आधी करतो. आणि ज्याने ती वेळेवर केलेली नसते, त्याला पोरगा मोठा होईपर्यंत एखाद्या सत्तरी गाठलेल्या, गुडघे धरून चालणाऱ्या काकाला घोड्यावर चढवावे लागते.